कंपनीला पुनर्जन्म नसतो

टेक्सासच्या नैऋत्य कडेला रिओ ग्रांदे नदी मोठा वळसा घेते. तिथल्या वाळवंटात असलेली टर्लिंग्वाची पाऱ्याची खाण बंद पडून आता पाऊणशेहून अधिक वर्षे झाली. इथले खडक मुळात समुद्रतळाचे: सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीचा चुनखडक आणि त्यावर चिकणमातीचा थर. पुढे कित्येक कोटी वर्षांनी खालून शिलारस घुसला, भेगांतून तप्त द्रावणे वर चढू लागली, पण चिकणमातीने त्यांना वाट दिली नाही. त्या झाकणाखाली, चुनखडकाच्या फटींत, पारा गंधकाशी जखडून बसला. हाच हिंगूळ. त्याच्या वजनात 86 टक्के पारा असतो, तरी तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि साध्या उन्हाने वाफ होऊन उडत नाही. त्याला मोकळे करायला भट्टी लागते: गंधक हवेतल्या प्राणवायूबरोबर निघून जातो, पाऱ्याची वाफ थंड करून धातू गोळा करतात, आणि भाजलेल्या खड्यांचे ढीग तिथेच टाकून देतात. त्या ढिगांतही थोडा पारा उरतोच.

हॉवर्ड पेरी या उद्योगपतीच्या चिसोस मायनिंग कंपनीने 1903 पासून हा उद्योग चालवला. मजूर बहुतेक मेक्सिकन, त्यांतले पुष्कळजण मेक्सिकोतल्या क्रांतीच्या धामधुमीत नदी ओलांडून आलेले. मजुरी तुटपुंजी आणि दुकानही कंपनीचेच. पहिल्या महायुद्धात स्फोटकांच्या टोप्यांसाठी पाऱ्याला मागणी आली. 1922 पर्यंत अमेरिकेत निघणाऱ्या पाऱ्यापैकी 40 टक्के या एका टापूतून येत होता. 1942 मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. नव्या मालकाने काही काळ काम रेटले, पण दुसरे महायुद्ध संपल्यावर तेही थांबले. बाहेर पडलेला पारा मात्र संपला नाही. तो मूलद्रव्य आहे. कुजत नाही, जळून नाहीसा होत नाही, फक्त जागा आणि रूप बदलतो.

प्रश्न इथे सुरू होतो. कर्मसिद्धांताच्या बाजूने भारतीय दर्शनांनी जो मोठा युक्तिवाद केला, तो दोन दोष टाळण्यासाठी: केलेल्या कर्माचे फळ वाया जाणे, म्हणजे कृतनाश, आणि न केलेल्याचे फळ गळ्यात पडणे, म्हणजे अकृताभ्यागम. एका जन्मात हिशेब जुळत नाही हे उघड दिसते, म्हणून पुढचा-मागचा जन्म मानावा लागतो. पण टर्लिंग्वात ज्याने केले तो कर्ता कोण? कायद्याच्या लेखी एक कंपनी. कंपनी करार करते, नफा घेते, खटला लढते. तिला आत्मा मात्र नाही, त्यामुळे पुनर्जन्मही नाही. 1942 मध्ये तिची खातेवही मिटली आणि कृतनाश अक्षरशः घडला. ज्यांनी भट्टी कधी पेटवली नाही त्यांच्या वाट्याला उरलेला पारा आला, हा अकृताभ्यागम. पेरीच्या आत्म्याचे काय ते होवो. त्याने ढिगातला पारा कमी होत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की अशा प्रसंगी कर्माची भाषा अपुरी पडते. आपल्याच परंपरेतली ऋणाची भाषा घ्यावी लागते. पाप वारशाने येत नाही. कर्ज येते.

यावर पहिला आक्षेप: तेव्हा कुणाला माहीत होते? माहीत होते. स्लोव्हेनियातल्या इद्रियाच्या खाणीत 1665 मध्येच कामाचे तास सहावर आणले गेले, ते पाऱ्याच्या बाधेमुळे. पेरूतल्या वांकावेलिकाला वसाहतकाळात मरणाची खाण म्हणत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वाळवंट कोरडे, पाणी कमी, त्यामुळे ढिगांतला पारा फारसा दूर वाहत नाही. टर्लिंग्वापुरते हे बरेचसे खरे आहे, पण ते हवामानाचे पुण्य आहे, खाणवाल्यांचे नव्हे. कॅलिफोर्नियात क्लिअर लेक या तळ्याकाठची सल्फर बँक खाण 1957 मध्ये बंद झाली. 1990 मध्ये तिला अमेरिकन सरकारने सर्वांत घातक कचरास्थळांच्या यादीत घातले. तळ्यातले मासे किती खावेत याचे इशारे आजही दिले जातात. शिवाय टर्लिंग्वाचा बहुतांश पारा टर्लिंग्वात नाहीच. तो लोखंडी बाटल्यांतून जगभर गेला.

तिसरा आक्षेप धर्मशास्त्राच्या आतूनच निघतो, आणि मला तो सर्वांत आवडतो. बापाने जुगारात किंवा दारूत केलेले कर्ज मुलाने फेडावे असे याज्ञवल्क्यस्मृती म्हणत नाही. बाजारभावावर डोळा ठेवून चालणारा पाऱ्याचा धंदा म्हणजे जुगारच, मग नंतरच्यांनी का फेडावे? पण तीच स्मृती असेही सांगते की जो मिळकत घेतो त्याने ऋण द्यावे. मिळकत कुणी घेतली हे पाहिले की देणेकरी सापडतो. टर्लिंग्वात आज राहणारे चार लोक देणेकरी नव्हेत, आणि मजुरांचे वंशज तर नव्हेतच. युद्धासाठी तो पारा वापरणारे राज्य, तापमापीपासून विजेच्या उपकरणांपर्यंत त्याचा उपयोग करून घेणारा उद्योगसमाज, हे देणेकरी आहेत. आणि कंपनीप्रमाणे दिवाळे काढून त्यांना नाहीसे होता येत नाही.

फेड कशी, याचा एक मार्ग विलक्षण ओळखीचा आहे. माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त रसेश्वर दर्शनाला स्वतंत्र स्थान आहे, पाऱ्याच्या साहाय्याने देह टिकाऊ करून जिवंतपणी मुक्ती साधावी हा त्याचा दावा. तो दावा मला पटत नाही, आणि पाऱ्याची औषधे निर्धोक आहेत असेही मी म्हणत नाही. पण मोकळा पारा चंचल आणि सदोष, त्याला बांधला पाहिजे, ही रसशास्त्राची जाण पक्की होती. पारा-गंधक खलून कज्जली होते, ती तापवून रससिंदूर. रासायनिक दृष्ट्या हा पुन्हा हिंगूळच. युरोपीय संघाचा 2017 चा नियमही टाकाऊ पाऱ्याला कायमचा पुरण्याआधी स्थिर रूपात आणायला सांगतो, आणि त्यासाठी गंधकाशीच त्याचा संयोग केला जातो. त्याच वर्षी अमलात आलेल्या, पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारानुसार पाऱ्याच्या नव्या खाणी उघडता येत नाहीत. हवेत गेलेला, मासळीत उतरलेला पारा मात्र असा बांधता येणार नाही. त्या भागाचे देणे पैशानेही पूर्ण फिटणारे नाही, आणि तरीही ते खात्यावर मांडावेच लागेल.