शेवटच्या बाकावरचा ‘ढ’

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला मराठीत ‘ढ’ म्हणतात. त्याचे कारण असे सांगतात की ब्राह्मी लिपीपासून आजवर बहुतेक अक्षरांची वळणे पार बदलली, ‘ढ’ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. ही उपपत्ती खरी असो वा मागाहून जोडलेली, तिच्यात एक सबंध शिक्षणविचार आहे. दोष मुलात आहे आणि तो कायमचा आहे, असे ती गृहीत धरते. म्हणून मग छडी, उठाबशा, वर्गाबाहेर उभे करणे आणि शेवटी नापासाचा शेरा.

हा विचार मोडायला फार वेळ लागला. १९०५ मध्ये पॅरिसला आल्फ्रेड बिने यांनी थिओदोर सिमों यांच्यासह बुद्धिमापनाची कसोटी तयार केली, ती कोणत्या मुलांना वेगळ्या शिकवणीची गरज आहे हे ओळखण्यासाठी. बुद्धी वाढूच शकत नाही या समजाला बिने यांचा ठाम विरोध होता. पण पुढे त्याच कसोटीतून बुद्ध्यंक आला आणि मदतीसाठी काढलेला आकडा मुलाच्या कपाळावरचा शिक्का होऊन बसला.

आपल्याकडे या विचाराला खरे वळण दिले ते ताराबाई मोडक यांनी. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम करून त्या १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर राहिल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. वारली मुले शाळेत टिकत नाहीत याचे कारण त्यांनी मुलांच्या डोक्यात शोधले नाही, त्यांच्या दिवसात शोधले. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणारी मुलगी शाळेत येणार कशी? म्हणून पाड्यातल्या अंगणातच बालवाडी भरली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. ‘मूल का शिकत नाही’ या प्रश्नाच्या जागी ‘त्याच्या आड काय येते’ हा प्रश्न आला. करुणा या शब्दाचा याहून नेमका अर्थ मला ठाऊक नाही.

मला स्वतःला तो उशिरा कळला. मी नवा शिक्षक असताना माझ्या वर्गातला एक मुलगा ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत सतत गल्लत करायचा. मी त्याच्याकडून पानेच्या पाने लिहून घेतली. मारत नव्हतो, ओरडत नव्हतो, म्हणून आपण संयमी आहोत असे मला वाटे. एकदा त्याच्या शेजारी बसून विचारले, तेव्हा तो म्हणाला, “गुरुजी, वरची रेघ ओढली की दोन्ही सारखीच होतात.” प्रत्येक शब्द लिहून झाल्यावर तो सगळ्यावर एकच अखंड रेघ ओढत होता. इतके दिवस मी तीच चूक त्याच्याकडून गिरवून घेतली होती. मग आधी रेघेशिवाय अक्षरे, मग मोकळी जागा सोडून रेघ, असे सुरू केले. ‘घ’ आणि ‘ध’ सावरले. ‘भ’ आणि ‘म’ वर्ष संपले तरी चुकतच होते.

असे अडखळणे आळस असतोच असे नाही, हे सरकारदरबारीही हळूहळू मान्य झाले. महाराष्ट्राने १९९६ मध्ये अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती दिल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता आली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने छडी बंद केली, आठवीपर्यंत नापास करणेही थांबवले. मात्र २०१९ मध्ये कायदा बदलला आणि राज्यांना पाचवी-आठवीत मुलांना पुन्हा मागे ठेवण्याची मुभा मिळाली. मला हे मागे जाणे वाटते. नुसते वरच्या वर्गात ढकलल्याने मूल शिकत नाही हे खरेच, पण त्याच वर्गात, त्याच पद्धतीने दुसऱ्यांदा बसवूनही ते शिकत नाही.

शब्दही बदलले. ‘ढ’चा ‘अप्रगत’ झाला. पण ज्या शिक्षकाकडे एकाच वेळी दोन-तीन इयत्ता आहेत, वर माहितीचे तक्ते भरायचे आहेत, त्याने एका मुलाशेजारी बसायचे केव्हा? धीर धरायलाही वेळापत्रकात जागा लागते. ती जागा शाळांनी आणि शासनाने शिक्षकाला द्यायला हवी. आणि तोवर, शिक्षक असा वा पालक, तोच धडा पुन्हा लिहायला सांगण्यापूर्वी एकदा मुलाच्या शेजारी बसा आणि ते कुठे अडते ते त्याच्याच तोंडून ऐका.