उभ्या गाडीचे अकर्म

हँडब्रेक ओढून पावसाळाभर उभ्या ठेवलेल्या गाडीचे ब्रेक जाम होतात. बिडाच्या ड्रमवर गंज चढतो, लायनर त्याला चिकटतात. गाडी काहीच करत नसते. प्रकृतीचे काम मात्र थांबत नाही. गीतेचा तिसरा अध्याय देहधाऱ्याविषयी हेच सांगतो: कर्मावाचून क्षणभरही कोणी राहत नाही. टिळकांनी १९१५च्या ‘गीतारहस्या’त कर्मत्यागाऐवजी कर्मयोग मांडला, तो इथे पूर्ण पटतो. मात्र जाम गाडी नुसत्या जोराने हलवणे म्हणजे कर्मयोग नव्हे. त्याने लायनर उखडतात. सपाट जागी हँडब्रेक सोडून गाडी हलकेच मागेपुढे करावी. ब्रेक न सुटल्यास मेकॅनिककडून ड्रम उघडून घ्यावा. पुढच्या वेळी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत, हँडब्रेक मोकळा ठेवावा.