मागण्याची लाज, घेण्याची कृपा



पावसाळा सरला की आपल्या परिसरात घरोघरी हातोड्याचे आवाज सुरू होतात. नाताळ जवळ येत असतो, कुणाच्या घरी जानेवारीत लग्न असते, कुणाच्या भिंतीला पावसात ओल आलेली असते. घराची बरीच कामे आपण त्याच घरात राहून निभावून नेतो. हॉलला रंग द्यायचा असेल तर सामान आतल्या खोलीत सरकवतो. स्वयंपाकघराचे काम असेल तर चार दिवस डबा मागवतो. परंतु न्हाणीघर व संडास यांचे काम निघाले की सगळ्या घराची घडी विस्कटते. भूक थोडी पुढे ढकलता येते, देहधर्म पुढे ढकलता येत नाहीत.

ज्यांनी हे काम केले आहे त्यांना त्याचा क्रम पाठ असतो. जुन्या लाद्या फोडायच्या, डेब्रिज गोण्यांत भरून खाली उतरवायचे, गंजलेले पाइप बदलायचे, विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून वॉटरप्रूफिंग करायचे. मग त्यात पाणी भरून काही दिवस तसेच ठेवायचे आणि खालच्या घराच्या छताला ओल येते का ते पाहायचे. त्यानंतर टाइल्स, सांधे भरणे, कमोड, नळ. दोन आठवड्यांचे म्हणून सुरू झालेले काम पाहता पाहता महिन्यावर जाते. प्लंबर येतो तेव्हा गवंडी येत नाही आणि गवंडी येतो तेव्हा सिमेंट संपलेले असते. घरात एकच न्हाणीघर असेल तर ह्या काळात कुटुंबाला कुणाच्या तरी दारात उभे राहावे लागते.

अशा वेळी 'धीर धरा' हा उपदेश सगळेच करतात. तो योग्यच आहे. सिमेंटला पाणी मारायचे दिवस कमी करून चालत नाही, हे गवंडीही सांगतो. पण आम्हांला वाटते की ह्या प्रसंगात धीरापेक्षा वेगळ्याच सद्‍गुणाची परीक्षा होत असते. तो म्हणजे दुसऱ्याकडे मागण्याचा आणि दुसऱ्याकडून घेण्याचा सद्‍गुण. शेजारणीच्या दारावर टकटक करून, "मावशी, आमच्याकडे काम काढलंय. महिनाभर सकाळी तुमचं बाथरूम वापरू का?" एवढे विचारणे आपल्याला इतके जड का जाते?

आपण देण्यात कमी पडतो असे नाही. शेजारी मयत झाली तर आपल्याकडे चहा-जेवण आपोआप पोहोचते. लग्नघरी हात लावायला सगळी आळी धावते. परंतु तीच माणसे स्वतःवर वेळ आली की, "नको, कुणाला त्रास कशाला? आमचं आम्ही बघू," असे म्हणतात. ऐकायला हे नम्रपणाचे वाटते. ते नेहमीच तसे असते का, हे तपासून पाहायला हवे.

ह्या संकोचाची किंमत बहुधा घरातील सर्वांत दुबळे माणूस मोजते. कर्ता पुरुष सकाळीच स्टेशन गाठतो आणि त्याची सोय ऑफिसात होते. मुले शाळा-कॉलेजात जातात. मागे राहते ती आजी. ती शेजारी सारखे सारखे जायला नको म्हणून पाणी पिणेच कमी करते. दुपारचा चहा नको म्हणते, रात्री औषधाच्या गोळीपुरता एक घोट घेते. म्हातारपणी पाणी कमी प्यायले की चक्कर येते, बद्धकोष्ठ होतो, लघवीला जंतुसंसर्ग होतो आणि घराच्या कामाचा शेवट हॉस्पिटलात होऊ शकतो. मुलींच्या आणि बायकांच्या महिन्याच्या अडचणी तर घरातही उघड बोलल्या जात नाहीत, मग शेजारी कुठून सांगणार? आपण कुणाचे उपकार घेत नाही हा बाणा घरातील कुणाच्या तरी देहाला सोसावा लागत असेल, तर त्याला स्वाभिमान कसे म्हणावे?

हा बाणा जुना आहे आणि त्याला मोठ्या माणसांचा आधारही आहे. ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल आपल्या नीतिशास्त्रात थोर मनाच्या माणसाचे वर्णन करतो. ह्या माणसाला उपकार करायला आवडते, पण उपकार घ्यायची त्याला लाज वाटते. आपण केलेले त्याच्या लक्षात राहते, आपल्याला मिळालेले मात्र राहत नाही. कारण देणारा वरचा आणि घेणारा खालचा, असा त्यामागचा हिशेब आहे. ख्रिस्तसभेने अ‍ॅरिस्टॉटलकडून पुष्कळ काही घेतले, पण हा हिशेब आपल्याला मान्य करता येत नाही. २०२५ साली निवर्तलेले कॅथलिक तत्त्वज्ञ अ‍ॅलिस्डेअर मॅकिंटायर यांनी १९९९च्या आपल्या एका पुस्तकात नेमका ह्यावरच आक्षेप घेतला. ते म्हणतात की माणूस जन्मतो परावलंबी, आजारात होतो परावलंबी आणि म्हातारपणी पुन्हा परावलंबी. मधली काही धडधाकट वर्षे हेच खरे माणूसपण असे समजणे ही स्वतःची फसवणूक आहे. म्हणून देण्याचे जसे सद्‍गुण असतात तसे घेण्याचेही असतात. आपल्याला गरज आहे हे खरेपणाने कबूल करणे, मिळालेल्याबद्दल कृतज्ञ असणे आणि देणाऱ्याने नीट दिले नाही तरी त्याच्याशी सौजन्याने वागणे. चावी देताना शेजाऱ्याच्या कपाळाला जरा आठी पडली, तर हा शेवटचा सद्‍गुण विशेष उपयोगी पडतो!

कुणी म्हणेल, "फादर, पण देण्यातली धन्यता घेण्यातल्या धन्यतेहून अधिक आहे ना?" होय, प्रभूचे हे वचन संत पौलाने इफिसच्या वडीलजनांना सांगितल्याचे प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकात नमूद आहे. पण सगळ्यांनीच द्यायचे ठरवले आणि घ्यायला कुणी तयारच नसले, तर ती धन्यता कुणाला मिळेल? आपण घेतो तेव्हा दुसऱ्याला ती संधी देतो. शिवाय ज्या प्रभूने हे सांगितले त्याच्याच जीवनाकडे पाहा. प्रवचनासाठी त्याने शिमोनाची होडी घेतली. यरुशलेमात प्रवेश करायला दुसऱ्याचे शिंगरू, शेवटच्या भोजनाला दुसऱ्याची माडी आणि शेवटी दुसऱ्याच्या मालकीची कबर. याकोबाच्या विहिरीपाशी तर तो थकूनभागून बसलेला होता, पाणी काढायला त्याच्याजवळ काही नव्हते, आणि ज्यांच्याशी यहुदी लोक व्यवहार ठेवत नसत त्या लोकांतील एका स्त्रीकडे त्याने पाणी मागितले. त्या बाईशी त्याचे सगळे संभाषण ह्या मागण्यातून सुरू झाले. तिला उपदेश करायच्या आधी त्याने तिच्यापुढे हात पसरला. शेजाऱ्यांत वर्षानुवर्षे नुसते 'हॅलो' असते. तेथेही बोलणे सुरू व्हायला कधी कधी एखादी गरजच लागते.

पवित्र गुरुवारी आपण पाय धुण्याचा विधी करतो. तेव्हा आपले लक्ष धुणाऱ्याकडे असते, आणि ते बरोबरच आहे. पण त्या रात्री अडून बसला होता तो पेत्र. प्रभूने कंबरेला रुमाल बांधून आपले पाय धुवावेत हे त्याला सहन होईना. पेत्र कामचुकार नव्हता, गुरूसाठी जीव द्यायची त्याची तयारी होती. अडचण होती ती फक्त घेण्याची. आणि प्रभूने त्याला स्पष्ट बजावले की हे घेतले नाहीस तर माझ्याशी तुझे नाते राहणार नाही.

तरीही घेण्याला मर्यादा असतात. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठासाठी जी नियमावली लिहिली तिच्यात आजारी बांधवांविषयी एक प्रकरण आहे. आजाऱ्याला गरज असेल तेव्हा स्नानाची सोय करून द्यावी, असे त्यात सांगितले आहे. त्याच प्रकरणात आजाऱ्यांनाही सूचना आहे. आपली सेवा देवाच्या सन्मानासाठी होते आहे हे त्यांनी ओळखावे आणि अवाजवी मागण्या करून सेवा करणाऱ्यांना जेरीस आणू नये. आपल्या प्रसंगाला हे तंतोतंत लागू पडते. शेजाऱ्याला कामाच्या आधीच सांगावे, वेळ ठरवून घ्यावी, आपला साबण-टॉवेल आपण न्यावा, निघताना लादी कोरडी करावी. दुपारी विश्रांतीच्या वेळी हातोडा थांबवावा. घरात दोन न्हाणीघरे असतील तर दोन्ही एकदम फोडू नयेत. घरात म्हातारे वा आजारी माणूस असेल तर कमोडची खुर्ची भाड्याने आणावी, म्हणजे त्यांना रात्री-अपरात्री जिना उतरावा लागणार नाही.

आणि परतफेडीची घाई करू नये. काम संपायच्या आत मिठाईचा पुडा नेऊन हिशेब मिटवणारे लोक आपल्याला ठाऊक आहेत. संत थॉमस अ‍ॅक्वायनस यांनी कृतज्ञतेविषयी लिहिताना रोमन विचारवंत सेनेकाचा दाखला देऊन म्हटले आहे की जो फेडायला उतावीळ होतो तो कृतज्ञ नसतो, तो नाखूश कर्जदार असतो. काही काळ कुणाचे तरी देणेकरी म्हणून राहणे आपल्याला जमायला हवे. शेजारधर्म अशा न मिटलेल्या हिशेबांवरच टिकतो.

उलट बाजूने, जेथे हक्क आहे तेथे उपकाराची भाषा नको. आपल्या न्हाणीघराचे पाणी खालच्या घरात गळत असेल तर ते दुरुस्त करणे ही मेहेरबानी नव्हे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणेही आपल्या संडास-न्हाणीच्या गळतीचा खर्च आपण करायचा असतो. खालच्या घरी बादल्या मांडून बसलेल्या माणसाला 'बघू दिवाळीनंतर' म्हणत झुलवत ठेवणे हा अन्याय आहे, आणि पापनिवेदनाच्या वेळी त्याचीही आठवण व्हावी.

आता एक प्रश्न राहतो, आणि तो आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जो गवंडी, जो बिगारी दिवसभर आपल्या घरी राबून आपले न्हाणीघर बांधतो, तो स्वतः कुठे जातो? संडास फोडलेला असल्यामुळे आपण शेजारी जातो. त्याला शेजारी कोण घेणार? अनेक इमारतींत खाली वॉचमनसाठी एक संडास असतो, आणि तेथेही त्याला अडवले जाते. मग तो संध्याकाळपर्यंत कळ काढतो किंवा आडोसा शोधतो. जेथे तो राहतो तेथेही बहुधा रांगच असते. २०११च्या जनगणनेत आपल्या देशातील केवळ ४६.९ टक्के कुटुंबांच्या घराच्या आवारात शौचालय होते. त्यानंतर पुष्कळ शौचालये बांधली गेली हे खरे, पण जे आपल्याला महिनाभर सोसवत नाही ते कित्येकांनी जन्मभर सोसले आहे. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी आणि स्वच्छतेची सोय हा मानवी हक्क असल्याचे मान्य केले. तो हक्क निदान आपल्या दारात तरी पाळला जावा. कामाला सुरुवात करण्यापूर्वी कंत्राटदाराशी टाइल्सच्या भावाबरोबर हेही बोलून घ्यावे की कामगारांची सोय कुठे करायची. सोसायटीच्या सेक्रेटरींना त्यांच्यासाठी शब्द टाकावा. घरात दुसरा संडास असेल तर तो त्यांना उघडा करावा. स्वतःसाठी मागताना आपली जीभ अडखळली होती. ती एकदा सैल झाली की दुसऱ्यासाठी मागायला तिचा उपयोग व्हावा. आपल्या लाजेतून आपण एवढे शिकलो तर ती वाया गेली नाही असे म्हणता येईल.

बंधू-भगिनींनो, आपल्या मराठी ख्रिस्ती भाषेत बाप्तिस्म्याला स्नानसंस्कार म्हणतात. तो कुणालाही स्वतःचा स्वतः घेता येत नाही. १२०६ साली असा प्रश्न पोप तिसरे इनोसंट यांच्यापुढे आला होता. एका माणसाने स्वतःच पाण्यात उतरून, स्वतःच शब्द उच्चारून बाप्तिस्मा घेतला होता. पोपमहोदयांनी उत्तर दिले की बाप्तिस्मा देणारा आणि घेणारा वेगवेगळे असले पाहिजेत. आपल्यापैकी बहुतेकांना तर त्या दिवशी मान धरण्याचेही बळ नव्हते. कुणीतरी आपल्याला उचलून आणले, कुणी डोक्यावर पाणी ओतले, कुणी पुसले, आणि आपल्या वतीने उत्तरेही दुसऱ्यांनीच दिली. ख्रिस्ती म्हणून आपले पहिले स्नान हे दुसऱ्याच्या हातचे होते, आणि शेवटचेही दुसऱ्याच्याच हातचे असेल. मधल्या काळात महिनाभर शेजाऱ्याच्या दारात साबण-टॉवेल घेऊन उभे राहावे लागले, तर त्यात कमीपणा कसला?

ज्यांच्या घरी सध्या काम चालू आहे त्यांचे काम सुखरूप पार पडो, आणि ज्यांच्या दारावर टकटक होईल त्यांनी ते हसतमुखाने उघडावे, हीच प्रार्थना. प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले,
धर्मगुरू