थिजलेलं खोबरेल

डिसेंबरात पुण्या-नाशकाकडे सकाळी खोबरेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. चमच्याची दांडी आत घालून पांढरा गोळा उकरावा लागतो, नाहीतर बाटली घटकाभर उन्हात किंवा गरम पाण्यात उभी करावी लागते. स्वयंपाकघरातलं शेंगदाण्याचं तेल मात्र त्याच सकाळी सरळ धारेनं कढईत पडतं.

दोन्हींत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन हीच मूलद्रव्यं. रेणूंची ठेवणही एकच: ग्लिसरॉलला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब शेपट्या. मग एक थिजतं आणि दुसरं वाहतं, असं का?

शाळेत रासायनिक बंध शिकवताना भर असतो तो रेणूच्या आतल्या जोडणीवर. कोणता अणू कोणाला इलेक्ट्रॉन देतो, कोण कोणाशी वाटून घेतो. रेणू आणि त्याचा शेजारी यांच्यात काय चालतं, हे धड्याच्या शेवटी घाईघाईनं उरकलं जातं. त्यामुळे पाणी उकळलं की हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटे होतात, अशी समजूत कितीतरी हुशार मुलांचीही असते. खरं तर वाफेतला रेणू अखंडच असतो. सुटते ती शेजाऱ्याची पकड. खोबरेल वितळतं तेव्हाही एकही बंध तुटत नाही. कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे सुमारे ३५० किलोजूल ऊर्जा लागते. हिवाळ्यातलं कोवळं ऊन ती कुठून आणणार?

शेजाऱ्यांमधली ही ओढ योहानेस व्हान डर वाल्स यांनी १८७३ साली लायडन विद्यापीठातल्या प्रबंधात हिशेबात धरली. तिचं मूळ १९३० मध्ये फ्रिट्झ लंडन यांनी पुंजभौतिकीतून उलगडलं. रेणूभोवतीचा इलेक्ट्रॉनांचा ढग क्षणाक्षणाला हलतो, एका बाजूला किंचित झुकतो आणि शेजारच्या ढगालाही झुकवतो. त्यातून अगदी क्षीण आकर्षण निर्माण होतं. अंतर जरा वाढलं की ते झपाट्यानं ओसरतं. म्हणूनच इथे आकाराला एवढं महत्त्व येतं: दोन साखळ्या लांबच्या लांब चिकटून बसू शकल्या तरच हे कण कण आकर्षण साठून भरीव होतं.

खोबरेलातलं जवळपास निम्मं मेदाम्ल लॉरिक आम्ल असतं. बारा कार्बनांची सरळ शेपटी. अशा शेपट्या गवताच्या पेंढीसारख्या एकमेकींना लागून बसतात, म्हणून तापमान २४ अंशांच्या खाली गेलं की खोबरेल थिजू लागतं. शेंगदाण्याच्या तेलात ओलेइक आम्ल भरपूर. त्याची शेपटी अठरा कार्बनांची, म्हणजे लांब; खरं तर तीच आधी थिजायला हवी. पण तिच्या मध्यावर एक दुहेरी बंध आहे, तिथले दोन्ही हायड्रोजन एकाच बाजूला आहेत आणि दुहेरी बंधाभोवती साखळीला फिरता येत नाही. शेपटीला कायमचा बाक येतो. वाकडी काटकी मोळीत नीट बसत नाही, तसंच हे.

आकडे पाहिले की थक्क व्हायला होतं. अठरा कार्बनांचंच, पण दुहेरी बंध नसलेलं स्टिअरिक आम्ल ६९ अंशांना वितळतं. दोन हायड्रोजन कमी असलेलं ओलेइक सुमारे १३ अंशांना. आणि ओलेइकमधला एक हायड्रोजन फक्त पलीकडच्या बाजूला गेला, की होतं इलायडिक आम्ल. अणू तितकेच, जोडण्या त्याच, पण बाक जवळजवळ गेला. वितळणबिंदू थेट ४५ अंशांच्या आसपास.

हा फरक कागदावरचा नाही, तो माणसाच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचला. जर्मनीत व्हिल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये पातळ तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करण्याचं पेटंट घेतलं. याच रीतीनं पुढे भारतात वनस्पती तूप बनलं. घराघरांत त्याला डालडाच म्हणत. ही क्रिया अर्धवट झाली की काही दुहेरी बंध भरले न जाता नुसते उलटतात. हीच ती ट्रान्स मेदाम्लं. स्वस्त, टिकाऊ, रवाळ. १९९० मध्ये मेन्सिंक आणि कातान या डच संशोधकांनी दाखवलं की ती रक्तातलं घातक कोलेस्टेरॉल वाढवतात आणि हितकारक कोलेस्टेरॉल घटवतात. भारतात खाद्यतेलं आणि स्निग्ध पदार्थांमध्ये त्यांचं प्रमाण २ टक्क्यांच्या वर असू नये, हा नियम लागू व्हायला २०२२ साल उजाडलं. मधल्या पिढ्यांच्या ताटात काय वाढलं गेलं, हे आठवलं की हळहळ वाटते.

सजीवांनी मात्र हा बाक फार पूर्वीपासून वापरला आहे. पेशीचं आवरण अशाच शेपट्यांचं असतं आणि ते थिजलं तर पेशीचे व्यवहार थांबतात. थंड पाण्यातल्या माशांच्या पेशींत सहा-सहा दुहेरी बंधांची मेदाम्लं सापडतात, ती यासाठीच. बर्फात उभ्या राहणाऱ्या रेनडिअरच्या तर एकाच पायात फरक असतो: मांडीकडची चरबी घट्ट, आणि खुराकडे जावं तसतशी अधिक बाकदार शेपट्यांची, गारठ्यातही मऊ राहणारी.