माहीत असलेली चूक

छोट्या मिलिंग मशीनचा जुना लीड स्क्रू काढून बॉल स्क्रू बसवायचं ठरलं की पहिला प्रश्न दर्जाचा निघतो: सी७ घ्यावा की सी५? सी७मध्ये ३०० मिलिमीटर अंतरात सुमारे ५० मायक्रॉनपर्यंतची चूक चालते, सी५मध्ये १८ मायक्रॉनपर्यंतची. सी७चे आटे रोलिंगने पाडलेले, सी५चे बहुधा ग्राइंडिंगने, त्यामुळे किमतीत मोठं अंतर. घरच्या वर्कशॉपसाठी पदरमोड करणारा माणूस इथेच अडकतो. माझ्या मते हा प्रश्न नंतरचा आहे. आधी विचारायला हवं, की मशीनची कोणती चूक आपल्याला नडते?

समजा, सी७चा एक स्क्रू ३०० मिलिमीटरला ४० मायक्रॉन जास्त सरकतो. तो आज तेवढा सरकेल आणि पुढच्या वर्षीही साधारण तेवढाच. ही चूक स्क्रूच्या अंगातच आहे, तिला दिशा आहे, माप आहे. गेज ब्लॉक आणि डायल गेज लावून ती टप्प्याटप्प्याने मोजता येते; लिनक्ससीएनसीसारख्या कंट्रोलरमध्ये तिचा तक्ता भरण्याची सोयही आहे. एकदा तक्ता भरला की चुकीचा मोठा भाग कामातून निघून जातो.

नट आणि स्क्रूमधली मोकळीक, म्हणजे बॅकलॅश, ही वेगळ्या जातीची चूक. कंट्रोलर दिशा बदलताना ठरावीक अंतर जास्त फिरवून ती झाकू शकतो, पण त्या मोकळ्या जागेत टेबलाला धरून ठेवणारं कोणीच नसतं. क्लाइंब मिलिंगमध्ये हे लगेच कळतं. तिथे कटरचा दात जॉबला फीडच्याच दिशेने ओढतो. मोकळीक असेल तेवढं टेबल झटक्याने पुढे जातं, दाताला एकदम जाड चिप मिळते आणि बारीक एंड मिल मोडते. हा झटका कधी येईल, किती येईल, हे कापण्याच्या जोरावर आणि टेबलाच्या घर्षणावर ठरतं. त्याचा तक्ता करता येत नाही. म्हणून माझा पैसा आधी प्रीलोड असलेल्या नटावर जाईल, दर्जाच्या आकड्यावर नंतर.

प्रीलोडचे दोन सरळ मार्ग आहेत. एक, डबल नट: दोन नटांमध्ये स्पेसर घालून ते एकमेकांपासून दूर दाबून धरायचे. दुसरा, एकाच नटात मूळच्यापेक्षा काही मायक्रॉन मोठे छर्रे भरायचे. हौशी लोक दुसरा मार्ग घरीच करतात आणि तो जमतोही; फक्त छर्रे जास्त मोठे घेतले तर नट जड फिरतो, तापतो आणि खोबणीचा पृष्ठभाग लवकर खराब होतो. डबल नट लांब असतो, त्यामुळे छोट्या मशीनवर टेबलाचा प्रवास कमी होतो. लहान सॅडलखाली जागेचाही प्रश्न येतो. १६०५च्या, म्हणजे १६ मिलिमीटर व्यासाच्या आणि ५ मिलिमीटर लीडच्या नेहमीच्या स्क्रूच्या नटाचं फ्लँजच ४८ मिलिमीटरचं असतं. ते बसावं म्हणून सॅडलचं बीड कोरणारे पुष्कळ आहेत. थोडं कोरणं ठीक. पण जाड स्क्रूसाठी सॅडलच पातळ केलं, तर एका हाताने मिळवलेली ताठरता दुसऱ्या हाताने घालवली.

याहून जास्त दुर्लक्ष होतं ते टोकाच्या बेरिंगकडे. उत्तम प्रीलोड असलेला नट घेतला आणि स्क्रूच साध्या डीप ग्रूव्ह बेरिंगमध्ये पुढे-मागे हलत असेल, तर मोकळीक होती तिथेच आहे, फक्त तिने जागा बदलली. मोटरच्या टोकाला अँग्युलर कॉन्टॅक्ट बेरिंगची जोडी समोरासमोर आवळून बसवावी, दुसरं टोक लांबीच्या दिशेने मोकळं सोडावं. बीके१२ म्हणून मिळणाऱ्या बेरिंगच्या स्वस्त ठोकळ्यात नेमकी कोणती बेरिंग आहेत, ते उघडून पाहावं.

मोकळीक गेली तरी तापमान उरतंच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हेन्री रोलंड यांनी काचेसारख्या गुळगुळीत धातूवर एका इंचात चौदा हजारांहून अधिक रेषा ओढणारं यंत्र बांधलं. त्याचा प्राण म्हणजे स्क्रू. उभ्या भागांत चिरलेला लांब नट त्यावर तेल-एमरी लावून दीर्घकाळ फिरवत त्यांनी आट्यांमधले चढउतार सरासरीने घासून काढले. आणि एवढा अचूक स्क्रू केल्यावरही ते यंत्र त्यांनी तळघरात ठेवलं, कारण तापमान हललं की सगळी अचूकता हलणार होती. आपल्यासाठी हिशेब सोपा आहे. पोलाद दर मीटरला, दर अंशाला साडेअकरा मायक्रॉनच्या आसपास वाढतं. ३०० मिलिमीटरला, दहा अंशांच्या फरकात, सुमारे ३५ मायक्रॉन. एप्रिलमधल्या पुण्यात पत्र्याच्या शेडमध्ये सकाळ ते दुपार एवढा फरक सहज पडतो. जॉब पोलादाचा असेल तर तोही सोबत वाढतो, अ‍ॅल्युमिनियम मात्र जवळजवळ दुप्पट वाढतं. अशा जागेत सी५चे १८ मायक्रॉन विकत घेण्याला फारसा अर्थ उरत नाही.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते. बॉल स्क्रूची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या घरात असते, ट्रॅपेझॉइडल स्क्रूची तिच्या निम्म्याहूनही कमी. जुन्या स्क्रूचं हे घर्षण आपण दोष म्हणून मोजतो, पण तेच टेबलाला जागेवर धरून ठेवत होतं. बॉल स्क्रू उलटाही फिरतो. मशीनचं डोकं वीस किलोचं असेल आणि मोटरची वीज गेली, तर ते स्वतःच्या वजनाने खाली येतं, कटरसकट थेट जॉबवर. म्हणून झेड अक्षावर ब्रेक, प्रतिभार किंवा गॅस स्प्रिंग लागतोच. आणि ज्याला हाताने चाक फिरवूनच काम करायचं आहे, सीएनसी करायचंच नाही, त्याने बॉल स्क्रू घेऊ नये. कापण्याच्या जोराने टेबल हातातलं चाक फिरवू लागेल. त्याला मोकळीक घट्ट करता येणारा कांस्याचा नट आणि डिजिटल रीडआउट जास्त उपयोगी पडेल.

सीएनसी करायचं असेल, तर माझी निवड १६०५, सी७, प्रीलोड केलेला नट, आणि वाचलेल्या पैशांत खऱ्या अँग्युलर कॉन्टॅक्ट बेरिंगची जोडी. सी५ त्याने घ्यावा, ज्याला जिग किंवा गिअरबॉक्सची भोकं लांब अंतरावर नेमकी पाडायची आहेत आणि ज्याची खोली दिवसभर एका तापमानाला राहते.