गौण विषय

महाराष्ट्र सरकारच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयानें पदवीच्या अभ्यासक्रमाची जी नवी घडी बसली, तींत प्रत्येक विद्यार्थ्यानें एक मुख्य विषय व त्याहून भिन्न असा एक गौण विषय निवडावयाचा असतो. विद्यार्थी त्यांस मेजर व मायनर म्हणतात. आम्हां जुन्या वळणाच्या माणसांच्या तोंडीं मुख्य आणि गौण हेच शब्द येतात. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक लागतात, आणि त्यांपैकीं विसाच्या आंतबाहेर गौण विषयाच्या वांट्यास येतात. ही व्यवस्था चांगली कीं वाईट, याची चर्चा पुष्कळ झाली आहे व ती मला येथें करावयाची नाहीं. माझा प्रश्न याहून लहान, पण माझ्या दृष्टीनें अधिक गंभीर आहे. ज्याला पुढें शिक्षक व्हावयाचें आहे, किंवा मुलांमध्यें व युवकांमध्यें कार्य करावयाचें आहे, त्यानें मुख्य काय मानावें आणि गौण काय मानावें?

हा प्रश्न मला पुस्तकांत भेटला नाहीं. जुन्नर तालुक्यांतील बेल्हे हें माझें आजोळ. २०२४ च्या जूनमध्यें, संलग्न महाविद्यालयांत ही पद्धति प्रथमच सुरू होत असतां, तेथील एका शेतकरी कुटुंबांतली मुलगी प्रवेशाचा अर्ज घेऊन माझ्याकडे आली. “सर, मला मुलांत काम करायचं आहे. शाळेत म्हणा, वस्तीवर म्हणा. मग कोणता विषय मेजर घेऊ आणि कोणता मायनर?” मी इतिहासाचा अध्यापक. उत्तर द्यावयास मला क्षणभरहि विचार करावा लागला नाहीं. “इतिहास घे, तुला त्यात गति आहे. गौण म्हणून काहीतरी सोपं घे, म्हणजे गुण चांगले पडतील. मुलं काही पुस्तकातून शिकता येत नाहीत.” तिनें मान डोलाविली आणि अर्जाचा रकाना भरला.

माझें उत्तर एकट्याचें नव्हतें. आमच्या पिढींतील पुष्कळ प्राध्यापकांचें तें आहे. ज्याला विषय येत नाहीं तो अध्यापनशास्त्राच्या आश्रयास जातो, ही थट्टा आम्हीं चहाच्या पेल्याबरोबर कितीदां तरी केली असेल. या पक्षाच्या बाजूनें मोठीं नांवेंहि सांगतां येतात. साने गुरुजींचा एम्. ए. चा विषय तत्त्वज्ञान होता. १९२४ ते १९३० या काळांत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत त्यांनीं जें काम केलें, त्याची आठवण अजूनहि महाराष्ट्र विसरलेला नाहीं. मग बालमानसाचे श्रेयांक कशाला हवेत? प्रश्न बिनतोड वाटतो खरा. परंतु त्यांत एक गोष्ट वगळली जाते. साने गुरुजी नुसते वर्गांत शिकवीत नव्हते. ते शाळेच्या वसतिगृहांत मुलांच्या सहवासांत राहत होते, व त्यांची आईप्रमाणें सेवा करीत होते. मुलें आजारी कशीं पडतात, रुसतात कशीं, खोटें केव्हां बोलतात, हें सारें तेथें रात्रंदिवस त्यांच्या डोळ्यांसमोर होतें. ज्याला आपण उपजत देणगी म्हणून हात जोडतों, तिच्यांत अभ्यासाचा भाग केवढा असतो हें आपण सोयीस्करपणें विसरतों.

याच्या उलट पक्ष असा, कीं मूल समजलें म्हणजे झालें. विषय काय, पुस्तकांतून केव्हांहि काढतां येतो. हे लोक ताराबाई मोडकांचें नांव घेतात. राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाचें प्रमुखपद भूषविलेल्या या विदुषीनें पुढें भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यापाशीं बालशिक्षणाचा अभ्यास केला, १९२६ त नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेंत भाग घेतला, आणि १९४५ पासून प्रथम बोर्डीस व मागाहून कोसबाडास आदिवासी मुलांत काम केलें. मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसतांच त्यांनीं व अनुताई वाघांनीं शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. ‘अंगणवाडी’ हें नांव पुढें १९७५ च्या सरकारी बालविकास योजनेमुळें देशभर झालें. परंतु त्या अंगणांत मुलांपुढें ठेवावयास गाणीं होतीं, गोष्टी होत्या, मोजावयाचे खडे व ओळखावयाचीं पानें होतीं. ज्याच्यापाशीं देण्यासारखें कांहींच नाहीं, त्याच्या प्रेमाचा मुलांना लवकरच कंटाळा येतो. अर्थात् दोन्ही पक्ष अर्धे खरे आहेत.

शाळेंत शिकलेलें संस्कृत व्याकरण या ठिकाणीं मला उपयोगीं पडलें. संस्कृतांत कांहीं धातु द्विकर्मक आहेत. गाईचें दूध काढणें, बळीजवळ पृथ्वी मागणें, शिष्याला धर्म शिकविणें, या क्रियांना दोन दोन कर्में लागतात. त्यांत दूध, पृथ्वी व धर्म हीं प्रधान कर्में. गाय, बळी आणि शिष्य हीं गौण. म्हणजे व्याकरणानेंहि विद्यार्थ्याला गौणच ठरविलें, असें वाटून आमच्यासारख्यास समाधान व्हावें! पण वैयाकरणांनीं पुढें आणखी एक नियम सांगितला आहे. या धातूंचा कर्मणि प्रयोग केला, म्हणजे प्रथमा विभक्तीचा मान प्रधान कर्माला न मिळतां गौण कर्माला मिळतो. शिकविणाऱ्याच्या बाजूनें वाक्य म्हटलें तर शिष्य गौण. तेंच वाक्य ज्याच्यावर क्रिया घडते त्याच्या बाजूनें म्हटलें, कीं धर्म आपल्या जागींच राहतो आणि शिष्य पुढें येतो. आम्हीं हें वाक्य जन्मभर एकाच प्रयोगांत म्हटलें, एवढीच आमची चूक.

ती चूक मला कोणीं दाखविली तें सांगतों. गेल्या हिवाळ्यांत एका सोमवारीं मी बेल्ह्यास गेलों होतों. सोमवार हा तेथल्या आठवड्याच्या बाजाराचा दिवस. बैलांच्या खरेदीविक्रीसाठीं हा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. ती मुलगी तेथेंच भेटली व मला आपला वर्ग दाखवावयास घेऊन गेली. उसाच्या फडाजवळ ऊसतोडीच्या टोळीच्या कोप्या पडल्या होत्या, आणि तेथल्या मुलांना ती कॉलेजांतून परतल्यावर शिकवीत असे. अंधाराच्या आंत वर्ग उठवावा लागे, कारण जुन्नरच्या उसांत बिबट्याचें भय ही कांहीं दंतकथा नाहीं. आठ-दहा मुलें पाट्या घेऊन बसलीं होतीं. एक दहाएक वर्षांचा मुलगा मात्र लांब उभा राहून गाडीच्या बैलांना वाढें घालीत होता.

त्याच्याविषयीं विचारतांच तिचा चेहरा उतरला. हा मुलगा बाजारांत बापाबरोबर जाऊन सुट्या पैशांचा हिशेब तोंडानें बिनचूक सांगे. पाटीवर मात्र हातच्याची वजाबाकी त्याला साधेना. तो आळस करतो असें समजून तिनें त्याला तीच वजाबाकी दहादां लिहावयास लाविली व दुसऱ्या दिवशीं धाकट्या मुलांच्या ओळींत बसविलें. तिसऱ्या दिवसापासून तो आला नाहीं. “सर, मला इतिहास येत होता, वजाबाकी येत होती,” ती म्हणाली, “पण तो मुलगा येत नव्हता. आणि आता तो येतच नाही.”

मला बोलावयास कांहीं सुचेना. माझ्या सल्ल्याप्रमाणें तिनें गुण सहज पडतील असा एक विषय गौण म्हणून घेतला होता. दोष त्या विषयाचा नव्हता, तिचाहि फारसा नव्हता. तोंडचा हिशेब व पाटीवरचा हिशेब यांमध्यें मुलाच्या मनाला कोणता पूल ओलांडावा लागतो, आणि अपमान झालेलें मूल आळशी कां दिसतें, हें तिला शिकतां आलें असतें. मुलें नुसतीं पुस्तकांतून शिकतां येत नाहींत, हें माझें वाक्य खरें होतें. म्हणून तीं शिकावींच लागत नाहींत, हा त्यांतून मीं काढलेला अर्थ खोटा होता.

येथें मला या प्रश्नांतला नैतिक भाग दिसतो. इतिहासाविषयींच्या माझ्या अज्ञानाचा दंड मीच भरतों. परीक्षेंत गुण कमी पडतात, फार तर चारचौघांत हंसें होतें. मुलाविषयींच्या माझ्या अज्ञानाचा दंड मूल भरतें. आणि तें मूल बहुधा गरिबाचें असतें. सुखवस्तु घरांतील मुलाचें शाळेंत झालेलें नुकसान घर भरून काढतें; कोपींतल्या मुलाचें कोण भरून काढणार? वैद्यकीचा विद्यार्थी रोग्याला हात लावतो तो जाणत्याच्या देखरेखीखालीं. पण मुलांच्या बाबतींत सद्भावना हीच पात्रता समजून आपण अठरा-वीस वर्षांच्या तरुणांना वस्त्यांवर धाडतों आणि त्यांचें कौतुक करतों. त्यांची सद्भावना खरी असते, हें मान्य. तरीहि दुसऱ्याच्या मुलावर चुकत चुकत शिकण्याचा हक्क तिनें मिळत नाहीं. ज्या विद्येंतील चुकीचें मोल दुसऱ्याला द्यावें लागतें, ती श्रेयांकांच्या कोष्टकांत गौण असली तरी कर्तव्याच्या दृष्टीनें गौण असूं शकत नाहीं.

कोणी म्हणेल, हें तत्त्वज्ञान पोट भरलेल्यांचें आहे. कांद्याच्या भावावर ज्यांचें घर चालतें त्यांनीं नोकरीकडे पाहून विषय घ्यावा. हा आक्षेप मी हलका मानीत नाहीं. म्हणूनच आम्हीं विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगितलें पाहिजे, कीं शिक्षणशास्त्र वा मानसशास्त्र गौण घेतल्यानें कोणी शिक्षक होत नाहीं. बी. एड्. २०१५ पासून दोन वर्षांचें झालें आहे; आणि तें प्राथमिक शिक्षकाच्या पात्रतेस पुरत नाहीं, असा सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२३ चा निवाडा आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणांत चार वर्षांच्या एकात्म पदवीची योजना आहे, व तींत शिक्षणशास्त्र आणि निवडलेला विषय असे दोन्ही मुख्यच मानले आहेत. मला यांत द्विकर्मक धातूचीच ओळख पटते. परंतु वसतिगृहाचा अधीक्षक, अभ्यासिकेचा चालक, १९६९ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतला स्वयंसेवक, यांना ती पदवी कोण विचारतो? जेथें परवाना लागत नाहीं, तेथें सारा भार आपल्या विवेकावर पडतो.

आज ती मुलगी पुन्हां अर्ज घेऊन आली, तर मी सांगेन: परीक्षा नसली तरी जो तूं वाचशील तो विषय मुख्य घे, त्यावांचून तुझ्यापाशीं देण्यासारखें कांहीं उरणार नाहीं. गौण म्हणून मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र यांपैकीं तुझ्या कॉलेजांत जें खरोखर शिकविलें जातें तें घे. आणि क्षेत्रीय प्रकल्पाचे तास दहा गांवें हिंडण्यांत न घालवितां एकाच अंगणांत घाल. एखाद्या जाणत्या शिक्षिकेला शेजारीं बसीव आणि रोज आपली एक चूक लिहून ठेव.

हें सांगावयास मला दोन वर्षें उशीर झाला. हंगाम संपला, टोळी आपल्या गांवीं परतली, व तो मुलगाहि तिच्याबरोबर गेला. मुलगीनें आतां गौण विषय बदलतां येईल का, असें मला पत्रानें विचारलें आहे. नियम पाहून उत्तर द्यावयाचें आहे. पण त्या आधीं, दोन वर्षांमागचें माझें उत्तर चुकीचें होतें, हें तिला लिहिलें पाहिजे.