मूळ म्हणजे नेमकं कुठलं?

फेंडर कंपनीच्या १९५९ सालच्या बासमन ॲम्प्लिफायरला गिटार वाजवणाऱ्यांच्या जगात जवळजवळ देव्हाऱ्यातली जागा आहे. आत ट्यूब, म्हणजे आजोबांच्या रेडिओत असायचे ते व्हॉल्व्ह. हाताने सोल्डर केलेले सुटे भाग. समोर दहा इंची चार स्पीकर. असा जुना ॲम्प्लिफायर हाती आला, तर त्यात बदल करावेत का? ‘मूळ वस्तूला हात लावू नये’ हे उत्तर तयारच असतं. पण त्यातलं ‘मूळ’ नेमकं कुठलं?

लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वच्छ आवाज हवा होता, आणि बासमन तर नावाप्रमाणे बास गिटारसाठी होता. साध्या गिटारवाल्यांनी तो उचलला आणि आवाज वाढवत नेला. ट्यूबची मर्यादा ओलांडली की लहरीची टोकं सपाट होतात, आवाज फाटतो. आज आपण जपू पाहतो तो हाच फाटका आवाज. म्हणजे रचनाकाराचा हेतू पहिल्या वापरणाऱ्यांनीच मोडला होता. १९६२च्या सुमारास लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी याच बासमनचं सर्किट घेऊन नवा ॲम्प्लिफायर बांधला. त्यातून मार्शलचा जेटीएम४५ आला.

हेतू सोडा, निदान भाग तरी मूळचे ठेवावेत? फिल्टर कपॅसिटर काही दशकांत सुकतात. आधी गुणगुण येते, मग ते निकामी होतात आणि जाताना ट्रान्सफॉर्मरही नेऊ शकतात. त्या काळच्या अमेरिकन ॲम्प्लिफायरना दोन पिनांचा प्लग असे, आणि मेनपासून चासीपर्यंत एक कपॅसिटर. तो शॉर्ट झाला तर वीज थेट गिटारच्या तारांवर येऊ शकते. तो काढून अर्थिंगवाली तीन पिनांची वायर लावणं भागच आहे. वाजवणाऱ्याच्या जिवापुढे मूळपणाचं काय कौतुक?

मग माझी वस्तू, माझी मर्जी? मला हेही पटत नाही. ही वस्तू माझ्यानंतरही कुणीतरी उघडणार आहे. पहिल्या टप्प्यातली १२एवाय७ काढून १२एएक्स७ लावली, तर ट्यूबचा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर सुमारे ४४वरून १००वर जातो. नको वाटलं तर मिनिटभरात जुनी परत बसते. जादा नॉबसाठी चासीला भोक पाडलं, तर ते कायमचं. सॉफ्टवेअरमध्ये जुनी आवृत्ती परत आणता येते, पत्र्याला ती सोय नाही. म्हणून न फिरवता येणारा बदल करण्याआधी, काढतोय तो भाग तिथे काय करत होता, एवढं तरी सांगता यायला हवं.

यावर एक आक्षेप रास्त आहे: न समजता केलेल्या खटपटींतूनही सुंदर आवाज सापडले आहेत. खरंय. पण तेव्हा हे ॲम्प्लिफायर म्हणजे दुकानातला साधा माल होता. एक बिघडला तर दुसरा मिळे. आता उरलेत तेवढेच. कृती तीच, पण उरलेल्यांची संख्या घटते तसं तिचं नैतिक वजन वाढतं. साध्या मालावर करता येणारा प्रयोग शेवटच्या काही नगांवर करताना परवानगी त्यांचीही लागते, जे अजून तो उघडायला आलेले नाहीत.

ती मागायची कशी? काढलेले भाग पाकिटात घालून खोक्यातच ठेवावेत, सोबत काय बदललं आणि का, याची चिठ्ठी. पुढच्याला आपला निर्णय चुकीचा वाटू शकतो. तो फिरवण्याची सोय त्याच्याकडे असली पाहिजे.